लोखंडाच्या कढईतली अंबाडी

सुखीबाईला एका जागी बसवत नसे. घाटंजीपासून दोन कोसांवरच्या त्या तांड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि प्रत्येक जण त्याचं कारण वेगळं सांगे. सून बसंती म्हणे, याडीच्या पायात भिंगरी आहे. आईला याडी म्हणतात, आणि बसंती सासूलाही तेच म्हणे. नणंद हंसाबाई म्हणे, माझा भाऊ गेल्यापासून वहिनीचं मन थाऱ्यावर नाही. खरं कारण शरीरातलं होतं. तहान लागे म्हणून सुखीबाई माठाकडे जाई. प्यालेलं पाणी घटकाभरात बाहेर पडायला निघे म्हणून ती तांड्यामागच्या पळसांकडे जाई. चार पावलांत धाप लागे म्हणून वाटेत कुणाच्याही ओट्यावर टेके, आणि टेकली की तळपायांची आग सुरू होई म्हणून पुन्हा उठे. दिवस असा येण्याजाण्यात संपे आणि काम कुठलंच झालेलं नसे.

पूर्वी ती बसत असे. तांड्यातल्या पोरींच्या लग्नातल्या फेटिया आणि कांचळ्या, म्हणजे घागरे आणि चोळ्या, तिच्या हातच्या असत. आरसे मढवणं, कवड्या टाचणं, सहा रंगांचे दोरे एका रेषेत चालवणं. सकाळी सुई घेऊन बसली की दुपारची भाकर कुणीतरी पुढ्यात आणून ठेवावी लागे. १९६१ च्या उन्हाळ्यात तिच्या डाव्या डोळ्यात राख भरल्यासारखी झाली. उजव्यात धुकं होतंच. थोरल्या दिराच्या नातीची कांचळी तिनं तशीच बोटांनी चाचपून पुरी केली. पोरगी ती घालून उभी राहिली तेव्हा बायका हसल्या. पाठीवरचे दोन आरसे पालथे मढवलेले होते. चकाकी आत, कापडाकडे.

"वहिनी, नवरदेवाले तोंड पाहाचं असन तं चोळी उलटी करा लागन," हंसाबाई म्हणाली.

सगळ्यांबरोबर सुखीबाईही हसली. मग उठून पळसांकडे गेली आणि बराच वेळ आली नाही.

आषाढात मुलगा बाबूसिंग तिला गाडीत घालून घाटंजीला वामनराव डॉक्टरांकडे घेऊन गेला. वामनराव उंच, किरकिरे आणि मनानं सरळ. त्यांनी डोळे पाहिले आणि डोळ्यांचं काहीच न बोलता एक बाटली देऊन तिला मागच्या आडोशाला पाठवलं. ती बाटली परत आल्यावर काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, बाटलीतले आठ थेंब त्यात टाकले, नळी दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं, मग नारिंगी. सुखीबाई पुढे झुकून पाहत होती. धुक्यातूनही तिला रंग बदललेले कळले.

"लघवीत साखर आहे, बाई. मधुमेह. गोड बंद. गूळ, साखर, खजूर, केळं, सीताफळ. भाकरीसुद्धा अर्धी."

"मंग खाऊ काय?"

"तेच सांगतो आहे." त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली, आतली बाजू पाहिली. "रक्त कुठं आहे तुमच्या अंगात?"

रक्त कमी असलेल्या बायकांना वामनराव वीस वर्षं एकच सांगत आले होते: गूळ-शेंगदाणे खा, खजूर खा. ते तोंडाशी आलं आणि त्यांनी गिळलं. मग म्हणाले, "मटण खाता ना तुम्ही लोक? काळीज खा."

"वशाट सोडलं म्यां," सुखीबाई म्हणाली.

पाच वर्षांपूर्वी बाबूसिंगला मुदतीचा ताप आला होता. एकविसाव्या दिवशी त्याची बोटं गार पडली, तेव्हा सुखीबाईनं तांड्याचा देव सेवाभाया याच्या नावानं माती कपाळाला लावून वशाट सोडलं. मांस, मासळी, अंडं, सगळं. पोरगा उठला. त्या आधीच्या वर्षी नवरा भावसिंग गाडी उलटून गेला होता आणि त्याच्यासाठी तिनं काही सोडलं नव्हतं. या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. आता त्या सुटत नव्हत्या.

वामनरावांनी हिशेब समोर ठेवला. पौषात यवतमाळला डोळ्यांचं शिबिर होतं. मोतीबिंदू तिथं फुकट काढत. पण लघवीत साखर निघाली तर तिथले डॉक्टर डोळ्याला हात लावत नसत, जखम भरत नाही, पू होतो, डोळा जातो. आणि इतकं पांढरं माणूस ते टेबलावर घेत नसत.

"आन् पौषात नाई जमलं तं?"

"डोळा पिकत चालला आहे. पुढच्या वर्षापर्यंत थांबेल की आतच फुटेल, मी सांगू शकत नाही."

म्हणजे सहा महिने होते. गोड वर्ज्य, मांस वर्ज्य, आणि या दोहोंच्या मधून कुठून तरी रक्त आणायचं.

साखरेसाठी सकाळची पांढरी गोळी मिळाली. रक्तासाठी लाल गोळ्या मिळाल्या. त्या तिच्या पोटात टिकेनात, घेतली की अर्ध्या तासात उलटी. मग आठवड्याला एक सुई ठरली. दोन झाल्या. तिसऱ्या वेळी कंपाउंडर रामधन सुई भरता भरता गमतीनं बोलून गेला, "घ्या बाई, तोंडानं नाई तं दंडातून. बकऱ्याचं काळीजच हाय हे, नुसतं गाळलेलं."

सुखीबाईनं हात ओढून घेतला. "काय म्हनतलं?"

"अवो, औषध हाय. काळजाचा अर्क."

"आन् पयल्या दोन?"

रामधन आतल्या खोलीकडे पाहू लागला.

त्यानंतरचे पंधरा दिवस तिचे फार वाईट गेले. बाबूसिंग बैल जुंपून निघाला की ती तांड्याच्या टोकापर्यंत मागे जाई आणि गाडीचा आवाज विरेपर्यंत उभी राही. एकदा त्याला नुसती सर्दी झाली तर ती दोन दिवस त्याच्या उशाशी बसली, दर थोड्या वेळानं उठत आणि परत बसत. "याडी, मी बरा हाओ," तो म्हणे. ती त्याचं कपाळ चाचपून पाही. तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं, हीच भीतीची गोष्ट होती. ताप चढलेला चेहरा कसा होतो ते तिला माहीत होतं आणि आता तो चढला तरी कळलं नसतं.

पुढच्या खेपेला वामनराव तिच्यावर चिडले, मग स्वतःवर. खिडकीबाहेर पाहत त्यांनी विचारलं, "घरात लोखंडाची कढई आहे?"

"जर्मनची हाय."

"जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, नको. लोखंडाची. आंबट पालेभाजी तीत शिजवायची आणि थोडा वेळ तीतच राहू द्यायची. अंबाडी आहे ना आता रानात? काळी पडेल. काळी पडली म्हणून फेकू नका. आंबटानं लोखंड सुटतं, ते पोटात जातं. सोबत तांदुळजा, तीळ, जवस. वरून लिंबू. याहून जास्त मला माहीत नाही."

लोखंड सुटतं हे सुखीबाईला सांगायला नको होतं. माहेरून आणलेली एक लोखंडी कढई तिच्याकडे होती. तीत ती दोरा रंगवत असे. हिरडा ठेचून पाण्यात उकळायचा आणि रात्रभर त्या कढईत ठेवायचा, सकाळी पाणी शाई झालेलं असे. त्यात बुडवलेला दोरा दहा धुण्यांतही उतरत नसे. तो काळा रंग हिरड्यातून येत नाही, कढईतून येतो, हे तिनं लहानपणीच ओळखलं होतं, कारण मातीच्या मडक्यात तोच हिरडा मातकट राहतो. आता तेच पाणी प्यायचं होतं, एवढाच फरक.

बसंतीनं कढई राखेनं तीन वेळा घासली. श्रावणातल्या कोवळ्या अंबाडीचा पाला, ज्वारीच्या कण्या, तेल, तिखट, मीठ. भाजी शिजली तेव्हा तवा पुसलेल्या फडक्यासारखी दिसत होती. बाबूसिंगनं पाहिलं आणि म्हणाला, "हे खाचं हाय का गाडीच्या चाकाले लावाचं?"

सुखीबाईनं घास घेतला. अंबाडीचा आंबटपणा तिला नवा नव्हता, पण या आंबटाला खाली एक धार होती. दाताखाली खिळा आल्यासारखी. दोन घासांनी जबडा आवळला, तिसरा गेला नाही. पूर्वी अंबाडीत गुळाचा खडा पडत असे, म्हणून ती खाल्ली जाई. तो खडा आता बंद.

दुसऱ्या दिवशी भाजी खाता आली. तिसऱ्या दिवशी तिनं दोनदा घेतली.

"काय टाकलं वं?"

"मोह टाकला, याडी. भाजून, कुटून. आंबट मरते थ्यानं." बसंती चुलीपाशी दम घेत बोलत होती. हल्ली ती असंच बोले, दोन शब्द, श्वास, दोन शब्द. धुरानं होत असेल असं सुखीबाईला वाटे. "बाळंतिणीले नाई का देत? रक्त येते म्हनतात."

ते खरंच होतं. चैत्रात झाडाखाली पडलेली मोहाची फुलं वेचून, वाळवून वर्षभर डब्यात ठेवत. बाळंतिणीला तिळात कुटून देत, टंचाईच्या दिवसांत भाकरीत मळत, थकलेल्या बैलाला ओंजळभर घालत. डॉक्टरांनी जी नावं घेतली होती त्यांत मोह नव्हता. सुखीबाईनं ती नावं बोटांवर परत मोजली होती: गूळ, साखर, खजूर, केळं, सीताफळ. त्यांतलं एकही तिच्या तोंडात गेलं नाही. पोळ्याला तांड्याचा नायक धावजी याच्या घरी प्रसादाचा शिरा झाला, तो तिनं कपाळाला लावून गाईला दिला.

वामनरावांनी तिला पहिल्याच खेपेला एक नळी आणि निळ्या पाण्याची बाटली घरी दिली होती, दर खेपेला दोन कोस यायला नको म्हणून. दर बाजाराच्या दिवशी बसंती पातेल्यात पाणी उकळून नळी त्यात धरे आणि रंग सांगे. सुखीबाईचा सांगण्यावर विश्वास नव्हता. कुणी तिला बरं वाटावं म्हणून हिरवं म्हणेल, कुणी घाईत पिवळं. तिनं स्वतःची रीत काढली. दोऱ्यांच्या लडी घेऊन ती अंगणात उन्हात बसे, नळी डोळ्याजवळ धरे आणि एकेक लड तिच्या शेजारी लावून पाही. डोळ्यातल्या धुक्यानं दोन्ही सारखेच मळत, त्यामुळे जोड चुकत नसे. जो दोरा जुळला त्याचा एक टाका ती कापडाच्या एका जुन्या पट्टीवर घाली. एका आठवड्याला एक टाका. सुईत दोरा बसंती ओवून देई.

पट्टीवर आधी दोन नारिंगी टाके होते, मग एक पिवळा, मग दोन हिरवे. पथ्य आणि गोळी लागू पडत होती. भाद्रपदात पुन्हा पिवळा आला. मग नारिंगी. मग आणखी एक नारिंगी. आणि दसऱ्याच्या आधी विटकरी, जो पहिल्या दिवशीही नव्हता.

तिला काही समजेना. खाणं वाढलं नव्हतं. ती घरातून अंगणात, अंगणातून घरात फिरू लागली. पट्टी कमरेला खोचलेली असे, मधेच काढून ती टाके चाचपे, जसे काही बोटांनी वेगळे रंग लागतील.

दसऱ्याला तांड्यात बोकड पडला. संध्याकाळी हंसाबाई झाकलेला वाडगा घेऊन आली. सळोई होती, बोकडाच्या रक्तात शिजवलेली. झाकण काढताच वास घरभर झाला.

"घे. रक्त पायजे न तुले? हे रक्तच हाय. गोड नाई यात काई."

"वन्स, उचला थे."

"काहून? आंधळी होऊन मंग कोनाच्या ओट्यावर बसशीन? माह्याच न? म्या काय रोज तुले पळसाकडं नेऊ?"

बाबूसिंग दारात उभा होता. तो आत आला आणि आईसमोर उकिडवा बसला. "याडी, तू माह्यासाठी सोडलं न वशाट? मंग मीच म्हनतो, खा."

"तू सांगून देव ऐकते काय रे? तुह्यासंगं बोलनं झालं नोतं माह्यं."

हंसाबाई फणकाऱ्यानं निघून गेली, पण वाडगा ठेवून. पोरगा बैलांकडे गेला. सुखीबाई वाडग्यापाशी बसली, उठली, परत बसली. तिला भूक होती. पाच वर्षं विसरलेला तो वास तोंडात पाणी आणत होता आणि त्या पाण्याची तिला लाज वाटत होती. तिला देव आहे की नाही याची फार खात्री नव्हती. खात्री एवढीच होती की आज खाल्लं आणि उद्या घाटात गाडी उलटली, तर ती जन्मभर ह्या वाडग्याकडे पाहत राहील, दोन्ही डोळे चांगले असले तरी. तिनं वाडगा उचलला आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यात नेऊन सुनेच्या हातात दिला. "तू खा. थंडं होते."

बसंतीनं तो नवऱ्यासाठी झाकून ठेवला. सुखीबाईला ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मले घाटंजीले ने." सोबत तिनं पट्टी घेतली आणि काळ्या भाजीचा डबा घेतला. डबा कशासाठी हे तिलाही सांगता आलं नसतं. डॉक्टरनं सांगितलेलं आपण करतो आहोत, याला पुरावा असावा म्हणून कदाचित.

वामनरावांनी पट्टी हातात घेतली आणि चष्मा कपाळावर ढकलला. "हे काय आहे?"

"आठवड्याचा एक टाका. नळीचा रंग."

ते एकेका टाक्यावरून बोट फिरवत गेले. मग रामधनला हाक मारली, "अरे, हे बघ. मी इतकी वर्षं वहीत लिहितो आणि मलाच लागत नाही." एका टाक्यावर नख ठेवून त्यांनी विचारलं, "हिरव्यानंतर काय झालं? इथं. या आठवड्यात घरात काय बदललं?"

"काई नाई. कढई आली."

"लोखंडातून साखर येते का?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग डबा उघडला, वास घेतला, चमच्याच्या टोकानं भाजीचं पाणी काढलं. रामधन हसू दाबत उभा होता. वामनरावांनी निळ्या पाण्यात त्या काळ्या पाण्याचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली.

नळीत रंग फिरला. हिरवा थांबलाच नाही, पिवळा थांबला नाही. तळाशी विटांच्या भुकटीसारखा गाळ बसला. सुखीबाईनं लडी आणल्या नव्हत्या, पण तिला लागल्या नाहीत.

"काय टाकता यात?"

"अंबाडी. कण्या. तेल, तिखट, मीठ."

"आणखी."

"मोह."

वामनराव खुर्चीत मागे टेकले. "बाई, मोह म्हणजे साखरच. दारू कशाची होते? साखरेची."

"कायची साखर? ढोरं खातात थे! मोह काय गोडात मोजतात काय कोनी?" तिचा आवाज चढला. "तुमी नाव काहून नाई घेतलं मंग? केळ्याचं घेतलं. आमच्या तांड्यात केळं पाह्यलं कोनी?"

रामधनचं हसू गेलं. डॉक्टर म्हणाले, "माझी चूक. मी माझ्या घरातल्या गोडाची नावं घेतली."

त्यांनी पापणी ओढून पाहिली. "रक्त मात्र चढतं आहे. थोडं. कढई सोडू नका. मोह सोडा."

घरी आल्यावर बसंती रडली. सुखीबाईनं तिला काही म्हटलं नाही, समजावलंही नाही. पौषाला अडीच महिने होते आणि तिला रडण्यापाशी थांबायला वेळ नव्हता. त्या दिवसापासून अंबाडी तशीच, आंबट आणि खिळ्याच्या चवीची. ती बसून खाणं तिला जमेना म्हणून ती हातात ताटली घेऊन अंगणात फिरत फिरत खाई, प्रत्येक घासाला दोन पावलं. पोरं तिची नक्कल करत. दात काळे पडले. हंसाबाई म्हणे, "वहिनी, तोंड मिट, अमावस्या दिसते." ती मिटत नसे, मुद्दाम हसे.

अंबाडी निबर होऊन फुलावर आली तेव्हा हरभरा खुडायला आला. हरभऱ्याच्या पाल्यावर सकाळी आंब असते, ती हाताला चरचरते. सुखीबाई स्वतः शेतात जाई, दव असताना पाला खुडी, ओला तसाच कढईत टाकी. तोही काळा पडे. भाजलेले तीळ मुठीत घेऊन ती कोरडेच चावे. लिंबू पिळे, आवळा मिठात घालून चोखे. पहिल्या थंडीत तिच्या लक्षात आलं की तांड्याच्या टोकापर्यंत जाताना ती आता कुणाच्या ओट्यावर टेकत नाही. पट्टीवर विटकरीनंतर नारिंगी आला, पिवळा आला, मग तीन हिरवे. निळा येत नव्हता. निळ्या दोऱ्याची लड तिनं वेगळी काढून उशाखाली ठेवली होती.

पौषात यवतमाळच्या एका धर्मशाळेच्या आवारात म्हातारी माणसं ओळीनं बसली होती, प्रत्येकाच्या हातात बाटली, औषधाची, तेलाची, अत्तराचीही. एक तरुण डॉक्टर नळ्या तापवत होता आणि माणसांकडे न पाहता सांगत होता, "हा जाईल, हा बाजूला." बाजूला गेलेल्यांत एक आजोबा परत परत विचारत होते, "बाजूले म्हंजे कोठी?"

सुखीबाईची नळी तापली. तिला ती दिसत नव्हती, फार लांब होती. तिनं कमरेला खोचलेली हिरव्या दोऱ्याची लड काढून हातात धरली.

"कोणता रंग हाय, बाप्पा?"

"हिरवट."

"किती हिरवट? हे पाहा, ह्या दोऱ्याशी लावून पाहा. निळ्याकडचा का पिवळ्याकडचा?"

त्या पोरसवदा डॉक्टरनं लड घेतली, नळीशी धरली. मागची रांग कुरकुरली. "निळ्याकडचा," तो म्हणाला आणि मग पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. पापणी ओढली. "फिकं आहे. पण चालेल. आत जा."

बाबूसिंग भिंतीशी उभा होता. त्याला ती सरळ आत जाताना दिसली, कुठेही न टेकता.

डोळ्यावर पट्टी असताना न हलता पडून राहायचं होतं. सुखीबाईच्या सगळ्या आजारात हे सगळ्यांत कठीण होतं. ती गोधडीखाली पायांची बोटं हलवत राही. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "मुंग्या येतात का?" ती म्हणाली, "नाई, चालून राह्यली."

जाड काचेचा चष्मा फाल्गुनात मिळाला. घाटंजीहून ती गाडीत बसलीच नाही, गाडीमागून चालत आली. पळस पेटलेले होते, ते तिला सोसवेनात. आकाश इतकं निळं होतं की तिनं दोनदा चष्मा काढून पाहिला. तांड्याच्या कडेला मोहाची फुलं पडायला लागली होती, फिकी, गोल, जमिनीवर सांडल्यासारखी. ती त्यांच्यावरून जपून पाय टाकत गेली.

घरी पेटीतली एक अर्धी कांचळी काढून तिनं उन्हात धरली. आंधळेपणी घातलेले टाके. रेषा सापासारख्या वळलेल्या होत्या. तिनं सुई घेतली आणि उसवायला सुरुवात केली. त्या वेळी बसंती डोक्यावर घागर घेऊन अंगणात आली. तिला आठवा महिना होता. घागर उतरवून ती मेढीला धरून उभी राहिली आणि दम घेऊ लागली. दोन श्वास, मग एक शब्द. "याडी, भाकर..."

चूल तेव्हा पेटलेली नव्हती. धूर नव्हता.

सुखीबाई उठली. सुनेच्या अगदी जवळ गेली, चष्म्याची काच तिच्या नाकाला लागेल इतकी. ओठ राखेच्या रंगाचे. गालफडं वर आलेली. तिनं अंगठ्यानं बसंतीची खालची पापणी ओढली, जशी तिची दोन डॉक्टरांनी ओढली होती. आत काही नव्हतं. धुतलेलं कापड होतं.

"रक्त कोठी हाय वं तुह्या अंगात?"

बसंतीला वाटलं याडी गंमत करते आहे. ती हसली.

"कढईतली भाजी तू खात होती का?"

"तुमचीच होती थे. थोडी तं होये."

"आन् दसऱ्याची सळोई?"

"थ्यायनं खाल्ली न." तिनं बैलांकडे, नवऱ्याच्या दिशेनं मान केली.

सुखीबाई घरात गेली, बाहेर आली, पुन्हा घरात गेली. सात महिने ह्या पोरीनं तिच्यासाठी पाणी उकळलं होतं, नळी धरली होती, सुईत दोरा ओवला होता, आणि तो श्वास सात महिने तिच्या कानाशी होता. तिनं कढई काढून चुलीवर ठेवली. मग डबे हुडकू लागली.

"मोह कोठी ठेवला?"

"तुमाले चालत नाई, याडी!"

"मले कोन देते? तुह्यात कोठी साखर हाय? तुले चालते. बस खाली. बस म्हनतो न."

तिनं बाबूसिंगला हाक मारली. उद्या गाडी जुंपायची, वामनरावांकडे जायचं, नाही, आजच निघायचं, ऊन उतरलं की. तोवर ती सुनेसमोर बसली, पण तीळ-मोह चावणाऱ्या तोंडाकडे पाहत तिला बसवेना. तिनं टाक्यांची पट्टी काढली. हिरव्या टाक्यांच्या खाली, दुसऱ्या कडेला, मोकळी जागा होती. दोऱ्यांच्या लडी तिनं एकेक करून बसंतीच्या पापणीशी लावल्या. लाल जुळला नाही. गुलाबी जुळला नाही. मग तिनं स्वतःच सुईत दोरा ओवला, पहिल्याच प्रयत्नात, आणि त्या कडेला एक टाका घातला. पांढरा.